हाती होते तेच नोंदवावे : मराठी शोधलेखनातील संदर्भांविषयी

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी या जुन्या बाजारपेठेवर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने लघुप्रबंध लिहावयास घेतला, तर त्याच्यासमोर जी साधने जमतील त्यांत निजामाच्या राजवटीत १८८४ साली छापलेले औरंगाबाद जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर, महाराष्ट्र शासनाने १९७७ साली काढलेले त्याच जिल्ह्याचे गॅझेटिअर, फसली सनाचे आकडे असलेली उर्दू कागदपत्रे, ‘मराठवाडा’ या वृत्तपत्राचे जुने अंक, विद्यापीठाला पूर्वी सादर झालेले एकदोन प्रबंध, दिवाळी अंकांतील आठवणीवजा लेख आणि पेठेतील वृद्ध व्यापाऱ्यांच्या मुलाखती असा संमिश्र ऐवज असेल. संदर्भलेखनाच्या प्रचलित इंग्रजी पुस्तिका या ऐवजाच्या निम्म्याहून अधिक भागाविषयी फारसे काही सांगत नाहीत. त्यामुळे विद्यार्थी एक तर त्या पुस्तिकेतील साच्यात सगळे कसेबसे बसवतो, किंवा मागील वर्षीच्या प्रबंधाची सूची समोर ठेवून तिच्यातील चुकांसह तिची नक्कल करतो. दुसरा मार्ग अधिक रूढ आहे, आणि अनेक मराठी प्रबंधांत एकच चुकीचे प्रकाशनवर्ष वर्षानुवर्षे फिरत राहते ते त्यामुळेच.

संदर्भ म्हणजे लेखनातील एखादे विधान, आकडा, अवतरण किंवा कल्पना कोठून घेतली याची वाचकाला पडताळता येईल अशी नोंद. तिचे दोन भाग असतात. पहिला भाग मजकुरात, म्हणजे विधानाच्या शेजारी कंसात किंवा अंक टाकून पानाच्या तळाशी दिलेल्या तळटिपेत येतो. दुसरा भाग प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूचीत येतो, जेथे त्या साधनाचे संपूर्ण वर्णन असते. पहिला भाग वाचकाला दुसऱ्याकडे नेतो आणि दुसरा त्याला ग्रंथालयाच्या कपाटाकडे नेतो. म्हणून मजकुरात उल्लेखिलेले प्रत्येक साधन सूचीत असलेच पाहिजे आणि सूचीत असलेल्या प्रत्येक साधनाचा मजकुरात कोठेतरी उपयोग झालेला असला पाहिजे. न वाचलेल्या ग्रंथांनी सूची फुगवण्याची जी हौस दिसते ती परीक्षकाच्या लक्षात सहसा येतेच, कारण ज्या ग्रंथाचे एकही पान मजकुरात उद्धृत नाही तो सूचीत का आहे हा प्रश्न कोणत्याही मौखिक परीक्षेत पहिल्या पाच मिनिटांत विचारता येतो. विषयाच्या अधिक वाचनासाठी काही ग्रंथ सुचवायचेच असतील तर त्यांची यादी वेगळ्या मथळ्याखाली द्यावी.

या सर्व व्यवहाराचा पाया एकाच तत्त्वावर आहे : अभ्यासकाच्या हाती जे होते तेच आणि जसे होते तसेच नोंदवावे. ज्या प्रतीचे पान उघडून वाक्य उतरवले त्या प्रतीचे वर्णन द्यावयाचे असते. मूळ ग्रंथ केव्हा निघाला, त्याची उत्तम आवृत्ती कोणती, किंवा शहराचे आजचे नाव काय, या गोष्टी त्यानंतर येतात. हे तत्त्व ऐकायला सोपे असले तरी मराठवाड्याविषयी लिहिताना त्याची कसोटी जवळजवळ प्रत्येक नोंदीत लागते.

प्रथम नावांचा प्रश्न घ्यावा. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराच्या छत्रपती संभाजीनगर या नावाला मान्यता दिली, आणि तेव्हापासून अनेक विद्यार्थी संदर्भसूचीतील जुन्या पुस्तकांच्या प्रकाशनस्थळाचेही नाव बदलून टाकतात. ही दुरुस्ती नसून चूक आहे. १९८५ साली निघालेल्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर ‘औरंगाबाद’ छापलेले असेल तर नोंदीत ‘औरंगाबाद’ हेच राहिले पाहिजे, आणि २०२४ च्या पुस्तकावर ‘छत्रपती संभाजीनगर’ असेल तर तेथे तेच लिहिले पाहिजे. एकाच सूचीत दोन्ही नावे आल्याने विसंगती होत नाही, उलट पुस्तकाचा काळ कळतो. अभ्यासकाच्या स्वतःच्या विवेचनात कोणते नाव वापरावे हा वेगळा प्रश्न असून त्याचे उत्तर प्रास्ताविकात एका वाक्यात देता येते. धाराशिव आणि अहिल्यानगर या शहरांच्या बाबतीतही हेच लागू होते. शहराचे नाव व्यक्तिनामाचा भाग झालेले असेल तर त्याला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही : अठराव्या शतकातील उर्दू कवी सिराज औरंगाबादी सूचीत सिराज औरंगाबादीच राहतात.

संस्थांच्या नावांचेही तसेच. शहरातील विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी ‘मराठवाडा विद्यापीठ’ या नावाने झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झाले. त्यामुळे १९८० च्या दशकात सादर झालेल्या पीएच.डी. प्रबंधाची नोंद ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर’ अशी केली तर एका ओळीत दोन कालविपर्यास होतात. विशेषतः नामांतराच्या चळवळीवर लिहिणाऱ्या अभ्यासकाने अशी नोंद केली तर ज्या घटनेचा अभ्यास चालला आहे तीच घटना सूचीतून पुसली जाते. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला; त्या विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ साली आले, म्हणून ग्रंथाच्या नोंदीत प्रकाशक ‘पुणे विद्यापीठ’ एवढाच राहतो.

येथे एक अपवाद मात्र नीट समजून घेतला पाहिजे. अप्रकाशित दप्तराच्या बाबतीत, म्हणजे ज्या कागदाची जगात एकच प्रत एखाद्या अभिलेखागारात आहे त्या बाबतीत, अभिलेखागाराचे नाव आजचे द्यावे. निजामकालीन कागदपत्रांचा मोठा संग्रह हैदराबादच्या तारनाका भागातील राज्य अभिलेखागारात आहे. आंध्र प्रदेशाचे विभाजन २०१४ साली झाल्यावर ते तेलंगणाचे झाले, आणि जुन्या ग्रंथांच्या तळटिपांत ते आंध्र प्रदेशाचे म्हणून येते. वाचकाला तो कागद पाहायचा असेल तर त्याने कोठे जायचे हे सांगणे हा नोंदीचा हेतू असल्याने आजचे नाव देऊन, आवश्यक तेथे पूर्वीचे नाव कंसात दाखवावे. छापील ग्रंथाच्या हजार प्रती हजार ठिकाणी असतात आणि त्यांच्यावर छापलेले नाव हीच त्यांची ओळख असते. हस्तलिखित कागदाची ओळख तो कोठे ठेवला आहे यावरून, दप्तर क्रमांक, संचिका क्रमांक आणि दिनांक यांवरून ठरते. तत्त्व एकच असले तरी वस्तू वेगळी असल्यामुळे त्याचा परिणाम वेगळा होतो.

नावांच्या मागोमाग कालगणना येते. हैदराबाद संस्थानाचा कारभार फसली सनावर चालत असे, जुन्या मराठी ग्रंथांवर आणि पोथ्यांवर शके असतो, आणि पेशवेकालीन पत्रांत शुहूर सनही भेटतो. विसाव्या शतकातील हैदराबाद संस्थानाचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असे, म्हणून त्यात ५९० मिळवले असता वर्षारंभीचे आणि ५९१ मिळवले असता वर्षाच्या उरलेल्या मोठ्या भागाचे इसवी सन मिळते. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. विद्यार्थी बहुधा मूळ आकडा टाकून देऊन केवळ इसवी सन लिहितो आणि महिना ठाऊक नसताना एक वर्ष निश्चित करून बसतो. योग्य पद्धत अशी की मूळ सन प्रथम द्यावा आणि त्याचे रूपांतर चौकोनी कंसात, शंका असल्यास दोन्ही वर्षांसह द्यावे : ‘१३४० फसली [१९३०-३१]’. चौकोनी कंसाचा संकेत असा की त्यातील मजकूर साधनात नसून अभ्यासकाने घातलेला आहे; हा संकेत पाळला की वाचकाला रूपांतरातील चूकही शोधता येते, आणि अशी चूक सापडू शकणे हा संदर्भाचा दोष नसून गुण आहे.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत आवृत्ती हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. गुलमंडीहून पैठण गेटकडे जाणारा रस्ता ज्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेशीशी पोचतो, त्या पैठणात एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’च्या पाठाची शुद्धी केली. वि. का. राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेली पोथी एकनाथपूर्व असल्याचे मानून तिच्यावरून १९०९ साली वेगळी संहिता छापली, आणि वारकरी परंपरेत नित्यपाठासाठी साखरेमहाराजांची प्रत प्रमाण मानली जाते. या संहितांत शब्द वेगळे आहेत आणि ओव्यांची संख्या व क्रमही सर्वत्र सारखा नाही. अशा ग्रंथाचा निर्देश केवळ पृष्ठांकाने केला तर दुसरी प्रत असलेल्या वाचकाला त्याचा उपयोग नाही, आणि केवळ अध्याय व ओवीच्या क्रमांकाने केला तर दोन प्रतींतील क्रमांकभेदामुळे तो भलत्याच ओवीवर पोचू शकतो. म्हणून सूचीत संहितेचा संपादक आणि प्रकाशनवर्ष द्यावे, मजकुरात अध्याय व ओवी द्यावी, आणि एका प्रबंधात शक्यतो एकच संहिता आधाराला घेऊन तसे प्रास्ताविकात सांगावे. तुकारामांच्या गाथेतील अभंगांचे क्रमांक प्रतीगणिक बदलतात, तेव्हा ‘तुकाराम, अभंग क्रमांक अमुक’ ही नोंद गाथा कोणती हे सांगितल्याखेरीज निरर्थक ठरते. अभंगाचे पहिले चरण देण्याची जुनी पद्धत क्रमांकापेक्षा अधिक भरवशाची आहे. ‘लीळाचरित्रा’ची ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांची संपादने वेगवेगळ्या पोथ्यांवर आधारलेली असून त्यांतील लीळांचे क्रमांक जुळत नाहीत; तेथे एकांक, पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध, लीळेचा क्रमांक आणि संपादक या चारही गोष्टी लागतात. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतील पत्रांना लेखांक दिलेले असल्याने तेथे खंड आणि लेखांक पुरतो.

आधुनिक ग्रंथांत हाच प्रश्न समग्र वाङ्मयाच्या रूपाने येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली प्रसिद्ध झाले. आज बहुतेक अभ्यासक ते महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १९७९ सालच्या पहिल्या खंडात वाचतात. मजकुरात ‘(आंबेडकर १९७९)’ एवढेच लिहिले तर १९५६ साली निवर्तलेल्या लेखकाने तेवीस वर्षांनी ग्रंथ लिहिल्याचा आभास होतो, आणि वैचारिक विकासाचा क्रम मांडणाऱ्या प्रबंधात तो आभास विवेचनालाच बाधक ठरतो. उलट ‘(आंबेडकर १९३६)’ एवढेच लिहून पृष्ठांक मात्र १९७९ च्या खंडाचा दिला तर ते पान मूळ पुस्तिकेत कोणालाही सापडणार नाही. ‘(आंबेडकर [१९३६] १९७९)’ अशी दुहेरी नोंद हा त्यावरील सरळ उपाय आहे. महात्मा फुले यांच्या ‘गुलामगिरी’लाही तो लागू पडतो : ग्रंथ १८७३ चा, आणि ज्या पानावरून उतारा घेतला ते पान कदाचित धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’तील. पुढील आवृत्त्यांत पृष्ठांक बदललेले असल्याने आवृत्तीचे वर्षही आवश्यक ठरते. मराठी प्रकाशनव्यवहारात ‘दुसरी आवृत्ती’ हे शब्द कित्येकदा केवळ पुनर्मुद्रणासाठी वापरले जातात. तेव्हा शीर्षकपृष्ठामागील पानावर जे छापले असेल ते तसेच उतरवावे आणि त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये.

याच पानाविषयी एक अगदी व्यावहारिक सूचना. औरंगपुरा-गुलमंडी भागात पुस्तकांच्या दुकानांइतकीच झेरॉक्सची दुकानेही विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, आणि ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातील हवी तेवढी पाने झेरॉक्स करून पुस्तक परत करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. ज्या पानावर लेखक, प्रकाशक, ठिकाण, वर्ष आणि आवृत्ती छापलेली असते ते पान मात्र या गठ्ठ्यात क्वचितच असते. दोन वर्षांनी सूची करताना त्या सैल पानांच्या कडेला पुस्तकाचे नावही नसते, आणि मग आंतरजालावर कोठेतरी सापडलेले, बहुधा दुसऱ्याच आवृत्तीचे, वर्ष लिहून वेळ भागवली जाते. म्हणून पहिली झेरॉक्स त्या पानाची काढावी, किंवा त्याचे छायाचित्र घेऊन त्याच फाइलमध्ये ठेवावे. साधनावर वर्षच छापलेले नसेल तर ‘वर्ष अनिर्दिष्ट’ असे लिहावे आणि अंदाज असल्यास तो चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह द्यावा.

लेखकाच्या नावाची मांडणी मराठीत आडनाव आधी या पद्धतीने रूढ झाली आहे : ‘कुरुंदकर, नरहर’. कुलकर्णी, देशमुख, जोशी, पाटील ही आडनावे एकाच सूचीत चारचारदा येत असल्याने मजकुरातील कंसात आद्याक्षरेही द्यावी लागतात, याची दखल इंग्रजीवरून बेतलेल्या साच्यांत पुरेशी घेतलेली नसते. संतांना आडनावाखाली शोधण्याची प्रथा नाही. ते ज्ञानेश्वर, एकनाथ, जनाबाई याच नावांनी येतात. टोपणनावाच्या बाबतीत पुस्तकावर छापलेले नाव मुख्य धरावे आणि खरे नाव चौकोनी कंसात द्यावे : परभणीचे कवी-कथाकार ‘बी. रघुनाथ [भगवान रघुनाथ कुलकर्णी]’ यांची नोंद ‘कुलकर्णी, भ. र.’ अशी केली तर त्यांचे पुस्तक शोधणाऱ्या वाचकाला ते सापडणार नाही. अनुवादित ग्रंथात अनुवादकाचे नाव वगळणे हा केवळ तांत्रिक दोष नाही. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनांचे जे मराठी अनुवाद केले त्यांच्या आधारे लिहिणारा विद्यार्थी मूळ फारसी इतिहासकाराचेच नाव तळटिपेत देतो, तेव्हा आपण फारसी ग्रंथ वाचल्याचा दावा तो नकळत करीत असतो.

हा दावा टाळण्यासाठी ‘यांत उद्धृत’ या छोट्या शब्दप्रयोगाची सवय लावून घ्यावी. एखाद्या ग्रंथात दुसऱ्या ग्रंथातील उतारा सापडला आणि मूळ ग्रंथ पाहणे शक्य झाले नाही, तर मूळ लेखकाचे नाव मजकुरात देऊन कंसात ज्या ग्रंथात तो उतारा भेटला त्याचा निर्देश करावा आणि सूचीत फक्त हाती असलेला ग्रंथ घ्यावा. असे दुय्यम निर्देश दोनचार असले तर काही बिघडत नाही. प्रत्येक पानावर असले तर अभ्यासकाने ग्रंथालयात जावे हे उत्तम. १८८४ आणि १९७७ या दोन गॅझेटिअरांच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो. ‘औरंगाबाद गॅझेटिअर’ एवढाच निर्देश केला जातो, आणि ज्या आकड्याला निजामकालीन समजून विवेचन रचले जाते तो आकडा शासनाच्या नव्या ग्रंथातील असू शकतो. नव्वद वर्षांहून अधिक अंतर असलेल्या या दोन ग्रंथांना वर्षाशिवाय उद्धृत करणे म्हणजे दोन वेगळ्या बाजारपेठांचे वर्णन एकत्र करणे होय.

अवतरण देताना मूळ शब्दांत बदल करू नये, हा नियम सर्वांना पाठ असतो, परंतु शुद्धलेखनाच्या बाबतीत तो मोडला जातो. मराठी साहित्य महामंडळाचे जे शुद्धलेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले त्यांनी व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुच्चारित अनुस्वार गाळले, म्हणून त्यापूर्वीच्या लेखनात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘केलें’ अशी रूपे येतात. अशा उताऱ्यातील अनुस्वार टंकलेखकाने सरसकट काढून टाकले तर अवतरण अवतरण राहत नाही. ते जसेच्या तसे ठेवावेत, मुद्रणदोष स्पष्ट असेल तेथे त्यापुढे चौकोनी कंसात ‘मुळाप्रमाणे’ असे लिहावे, वगळलेला भाग तीन टिंबांनी दाखवावा, आणि उतारा चार-पाच ओळींहून मोठा असेल तर अवतरणचिन्हे न देता तो आत सरकवून वेगळा छापावा. मोडीतून लिप्यंतर केलेला मजकूर असेल तर लिप्यंतर कोणाचे हे तळटिपेत सांगावे. इंग्रजी किंवा उर्दू उतारा मराठीत दिला असेल तर ‘अनुवाद प्रस्तुत लेखकाचा’ किंवा अनुवादकाचे नाव द्यावे.

या शेवटच्या मुद्द्याशी मराठी शोधलेखनातील सर्वांत मोठा दोष निगडित आहे, आणि तो म्हणजे निर्देशाविना केलेला अनुवाद. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून स्वतःच्या विवेचनाचा भाग म्हणून मांडला तर ते वाङ्मयचौर्यच असते, कारण शब्द बदलले तरी युक्तिवाद आणि त्याची रचना दुसऱ्याची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याच्या प्रमाणानुसार पातळ्या ठरवल्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाही, १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत दुरुस्त प्रबंध सादर करणे, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षासाठी सादरीकरणास मनाई, आणि त्यापुढे नोंदणी रद्द. रीतसर उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याची वचने आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य मोजणीतून वगळले जाते. विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष या टक्केवारीकडे लागते, वास्तविक ती केवळ अक्षरांचे साम्य मोजते. अनुवादित चौर्य तिच्या जाळ्यात सहसा येत नाही आणि जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मराठी मजकूर तर यंत्राला रोमन अक्षरांची निरर्थक मालिका दिसतो. त्यामुळे ‘साम्य ४ टक्के’ असे प्रमाणपत्र मिळालेल्या प्रबंधात संपूर्ण प्रकरण उसने असू शकते आणि फुले-आंबेडकरांचे उतारे प्रामाणिकपणे, पृष्ठांकासह देणाऱ्या प्रबंधात साम्य अधिक निघू शकते. मार्गदर्शकांनी प्रमाणपत्रापेक्षा तळटिपा वाचाव्यात. अलीकडे संभाषण करणाऱ्या संगणकीय साधनांकडून संदर्भसूची तयार करून घेण्याचा जो प्रघात पडू लागला आहे त्यात तर अस्तित्वात नसलेले ग्रंथ खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या प्रकाशकासह आणि पटण्याजोग्या वर्षासह येतात. हाती असलेलेच नोंदवण्याचा नियम पाळणाऱ्याला त्यांचा उपद्रव होत नाही.

उलट बाजूने, सर्वच विधानांना संदर्भ लागत नाही. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाले, किंवा मलिक अंबराने खडकी वसवली, या सर्वज्ञात गोष्टी आहेत. मात्र मुक्तिसंग्रामात अमुक गावी किती जण मारले गेले, अमुक साली पेठेत कापडाची किती दुकाने होती, अशा आकड्याला आणि त्यावर मतभेद असलेल्या कोणत्याही विधानाला आधार द्यावाच लागतो.

शैली कोणती घ्यावी याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. सामाजिक शास्त्रांत लेखक आणि वर्ष देणारी एपीए पद्धत, साहित्याभ्यासात लेखक आणि पृष्ठांक देणारी एमएलए पद्धत, आणि इतिहासात तळटिपांची पद्धत चालते; विभागाने जी ठरवली असेल ती अखेरपर्यंत सारखी पाळावी. देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपरा नसल्याने ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत देणे अधिक सुवाच्य ठरते. ‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या मागील टिपेतीलच साधन. संगणकावर परिच्छेद मागेपुढे सरकवताना या शब्दाचा मागील टिपेशी असलेला संबंध तुटतो आणि तो भलत्याच ग्रंथाला चिकटतो, म्हणून मसुदा पूर्ण होईपर्यंत प्रत्येक टिपेत लेखकाचे आडनाव आणि ग्रंथाचे संक्षिप्त नाव ठेवावे. ‘उपरिनिर्दिष्ट’ या अर्थाचे ‘उनि.’ तर टाळलेलेच बरे, कारण त्या लेखकाचे दोन ग्रंथ सूचीत असले की वाचक अडतो.

नियतकालिकांत वर्ष, अंक, महिना आणि पृष्ठे लागतात. जोडअंक असल्यास तसे लिहावे. दिवाळी अंकाला बहुधा अंकक्रमांक नसतो, तेथे ‘दिवाळी १९९५’ असे लिहून संपादकाचे नाव व ठिकाण द्यावे. वृत्तपत्राचा दिनांक आणि पान पुरते, तथापि आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली साप्ताहिक म्हणून सुरू केलेल्या आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली औरंगाबादहून दैनिक म्हणून नावारूपाला आलेल्या ‘मराठवाड्या’सारख्या पत्राच्या बाबतीत साप्ताहिक की दैनिक आणि कोणत्या गावचे हेही नोंदवावे. ‘मराठी विश्वकोशा’तील नोंदींच्या शेवटी नोंदलेखकाचे नाव असते, सूचीत ते नाव यावे, कोशाच्या प्रमुख संपादकाचे नव्हे. संकेतस्थळावरील मजकुराला शीर्षक, प्रकाशित करणारी संस्था, दुवा आणि पाहिल्याचा दिनांक जोडावा. ‘शोधगंगा’वर पाहिलेल्या प्रबंधाला विद्यापीठ, विभाग, वर्ष आणि तेथील कायमस्वरूपी दुवा द्यावा, आणि पृष्ठांक पडद्यावर दिसणारा नव्हे तर प्रबंधावर छापलेला घ्यावा.

मुलाखतींचा संदर्भ मराठी प्रबंधांत अद्याप फार ढिला असतो. पेठेतील वृद्ध दुकानदाराने सांगितलेली माहिती ‘प्रत्यक्ष मुलाखत’ या दोन शब्दांत संपवली जाते. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या लेखी संमतीने, संमती नसल्यास सांकेतिक अक्षराने, त्याचा व्यवसाय व त्या विषयाशी असलेला संबंध, मुलाखतीचे ठिकाण, दिनांक, बोलण्याची भाषा आणि मुलाखत ध्वनिमुद्रित आहे की टिपणांवरून लिहिली आहे, इतक्या गोष्टी नोंदीत याव्यात. गुलमंडीत एकाच संभाषणात मराठी, हिंदी, दखनी आणि मारवाडी मिसळणे स्वाभाविक असल्याने प्रबंधात आलेले वाक्य सांगणाऱ्याचे शब्द आहेत की अभ्यासकाने केलेला सारांश, हे अवतरणचिन्हांच्या वापरातून काटेकोरपणे दाखवले पाहिजे. ध्वनिफिती आणि त्यांच्या लिखित प्रती पदवी मिळाल्यावर घरच्या संगणकात पडून राहतात. त्यांची एक प्रत विभागाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात क्रमांकासह जमा करून तोच क्रमांक संदर्भसूचीत छापावा, आणि संमतिपत्रात अशा जमा करण्याला परवानगी मागणारे वाक्य मुलाखत घेण्यापूर्वीच घालून ठेवावे.